पगार न घेणारा माणूस

कारखान्यातली स्टोअरची नोकरी सुटल्यावर मी शिरूरमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बिनपगारी जाऊ लागलो. तिथं कॉम्प्युटरवर बिलं करायचो. आकडेमोड आवडीची होतीच. शिवाय अनुभवाचा दाखला मिळाला तर या वयातही कुठंतरी चिकटता येईल, असं वाटायचं. घर बायकोच्या शिवणकामावर चाललं होतं.

वर्षभरानं अध्यक्षांना म्हणालो, "आप्पा, नोकरीसाठी अनुभवाचा दाखला पाहिजे होता."

"दाखल्याचं काय घेऊन बसलाय? तुमचा सत्कारच करू की!"

वर्धापनदिनाला शाल अन् नारळ देऊन आप्पा माईकवर म्हणाले, "ह्यांना पैशाचा मोह न्हाई. असा माणूस तालुक्यात दुसरा न्हाई!"

पाहुण्यांमध्ये दौंडचे एक डॉक्टर होते. त्यांच्याच दवाखान्यात मी नोकरीसाठी अर्ज केला होता. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुमच्यासारख्याला पगाराचं विचारणं म्हंजी अपमानच. रविवारी आमच्याकडंही सेवेला येत जा."

मला पगार पाहिजे, एवढंच बोलायचं होतं. पण अंगावर शाल होती, भोवती माणसं कौतुकानं बघत होती.

"येईन की," मी म्हणालो. शेजारी उभी असलेली बायको स्टँडकडे चालू लागली.