विकायला नसलेल्या पिशव्या

माझ्या मोठ्या जाऊबाई पिशव्या शिवतात. पिशव्या म्हटलं की लोकांना भाजी आठवते, म्हणून आधीच सांगून टाकते: भाजीची पिशवी शिवून मागितली, तर त्या "दुकानात चांगल्या मिळतात हो" म्हणून माणसाला वाटेला लावतात. त्या शिवतात कामाच्या पिशव्या. प्लंबरची वेगळी, घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे केस कापणाऱ्या सलूनवाल्याची वेगळी, इंजेक्शनं द्यायला हिंडणाऱ्या नर्सबाईंची आणखी वेगळी.

गिऱ्हाईक दारात आलं की ताई म्हणतात, "हं, काढा बघू सगळं टेबलावर." (सगळी गल्ली त्यांना ताई म्हणते, मीही म्हणते.) मग तो माणूस आपली हत्यारं एकेक करून बाहेर काढतो, आणि ताई हत्यारांकडे कमी, त्याच्या हाताकडे जास्त बघतात. कुठली वस्तू न बघता हाताला लागते, कुठलीसाठी चाचपडावं लागतं, सगळं टिपतात. नंतर ती हत्यारं जुन्या वर्तमानपत्रावर मांडून भोवतीनं पेन्सिल फिरवतात आणि त्या आकारांवरून कप्पे बेततात. हे सगळं चालतं आमच्या स्वयंपाकघर आणि मागच्या दाराच्या मधल्या बोळात. खिडकीखाली मशीन, मशीनला लागून टेबल. धुणं घेऊन जाणाऱ्यानं पोट आत ओढून आडवं सरकायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी हे बघून डोक्याला हात लावला होता. आता बादली घेऊन डोळे मिटून जाते.

तर गेल्या वर्षभरात गिऱ्हाईक आटलं. फोनवर बोट टेकवलं की रेडिमेड बॅग घरपोच येते. पेन्सिल फिरवत बसायला कुणाला सवड आहे? त्यात ताईंची पिशवी मेली फाटतही नाही, त्यामुळे एकदा नेलेला माणूस पुन्हा उगवत नाही. शेवटी बॅगांच्या एका कारखान्यातून त्यांना बोलावणं आलं. सोमवारपासून या म्हणाले. काम काय, तर दिवसभर चेन लावायची. बॅग समोर येणार, चेन शिवायची, पुढे ढकलायची. बॅग कुणाची, तिच्यात काय जाणार, कशाचा पत्ता नाही. ताई "हो" म्हणाल्या. म्हणाल्या आणि घरी येऊन मशीनवर चादर टाकली. एरवी जेवताना प्लंबरची नक्कल करून सगळ्यांना हसवणारी बाई खाली मान घालून जेवायला लागली. मला ते बघवेना. आणि बघवेनासं झालं की मी गप्प बसत नाही, हा माझा स्वभाव.

मी जाऊन लघुउद्योगांच्या प्रदर्शनात त्यांच्यासाठी स्टॉल घेतला. शुक्रवार ते रविवार. घरी येऊन सांगितलं, "रविवारपर्यंत हाताला पुरतील एवढी कामं मिळाली, तर कारखान्याला 'नाही' म्हणून कळवायचं. नाही मिळाली, तर खुशाल जा. मी एक अक्षर बोलणार नाही."

"तू? एक अक्षर?" ताई म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी खुदकन हसल्या.

त्यानंतर त्या कामाला लागल्याचं मी पाहिलं. रोज बाहेर जात होत्या, गठ्ठा घेऊन येत होत्या. मला वाटलं, कापड आणताहेत. मी निर्धास्त. आता कुणाला दोष देणार?

शुक्रवारी सकाळी त्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही पोचलो. एका बाजूला मेणबत्त्यांचा स्टॉल, दुसऱ्या बाजूला साबणांचा. मेणबत्तीवाल्या बाईंनी अशी काही आरास मांडली होती की आपलं टेबल झाकूनच ठेवावं असं वाटलं. मी उत्साहानं गाठोडं सोडलं. आत पिशव्या होत्याच. पण एकेक बघते तर काय! एकीला ग्रीसचे डाग, एकीचे कोपरे घासून पांढरे पडलेले, एकीच्या कप्प्यात चक्क केस.

"ताई, ह्या कुणाच्या?"

"ही प्लंबरची. ही सलूनवाल्याची. ती नर्सबाईंची. सगळ्यांनी मोठ्या मनानं दिल्या हो मागितल्यावर."

"आणि नव्या कुठे आहेत? विकायच्या?"

"नव्या कशा असतील? कुणासाठी शिवू?" ताईंना खरोखरच प्रश्न पडला होता. "आणि नव्या पिशवीकडे बघून काय कळणार कुणाला? वापरलेली बघितली म्हणजे समजतं."

माझा पारा असा चढला म्हणता! सगळा हॉल नव्याकोऱ्या मालानं झळाळतोय आणि आमच्या टेबलावर लोकांच्या मळक्या पिशव्या, त्याही उसन्या. तेवढ्यात गळ्यात बिल्ला घातलेली एक मुलगी आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकू, जुन्या वस्तूंचा विभाग पलीकडे आहे."

तिला मी काय बोलले ते इथे सांगत नाही.

पहिला दिवस असा गेला: माणसं थांबत. नर्सबाईंची पिशवी उघडून बघत. ती उभी उघडते, आणि खालचा कप्पा ओढला की स्वच्छ फडकं आपोआप पसरतं. "अरे वा! केवढ्याला?" विचारत. ताई म्हणत, "ती नाही हो विकायची, त्यांची आहे." माणसं हसून मेणबत्त्यांकडे वळत. मी बाजूला उभी राहून ओठ चावत होते. दुपारी तर कहर झाला. सलूनवाला धापा टाकत आला. "ताई, माफ करा, पण माझी पिशवी द्या. दुसरीतून कात्री काढताना गिऱ्हाइकाचा कान कापला असता आज." ताईंनी लगेच काढून दिली. वर म्हणाल्या, "पट्टा सैल झालाय, सोमवारी या, घट्ट करून देते." मग बहुधा सोमवार म्हटल्याचं त्यांच्याच लक्षात आलं. त्या उरलेल्या पिशव्या पुन्हा नीट मांडायला लागल्या.

शनिवारी प्लंबर आला, पिशवी घेऊन गेला. मग नर्सबाई. एकाचंही काम आपल्या पिशवीवाचून होईना. खरं म्हणजे याहून मोठी पावती ती कुठली? पण हे सुचायला डोकं थंड लागतं, आणि माझं तर तापलेलं होतं. दुपारपर्यंत आमच्या स्टॉलवर नुसतं टेबल उरलं. वर हातमशीन, सोबत आणलेलं थोडं जाड कापड आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा.

"झालं का समाधान?" मी फणकारले. "रिकाम्या टेबलाचं प्रदर्शन मांडून बसलोय आपण! तुम्हाला कारखान्यात जायचंच होतं, तर माझा जीव कशाला टांगणीला लावलात?"

ताईंचे डोळे भरून आले. "मला जायचं नाहीये गं," त्या म्हणाल्या. "अजिबात जायचं नाहीये. पण माणूस समोर नसताना मला शिवताच येत नाही, त्याला मी काय करू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा आणते म्हणून निघाले.

परत आले तर टेबलापाशी एक जोडपं उभं होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा रंगारी आणि त्याची बायको. त्याचा डावा हात आजारपणात गेलेला, बाजूला नुसता लोंबत होता. उजवा शाबूत होता, अक्षर अजून सुरेख येत होतं. पण रंगाची बाटली उघडायची तर दोन हात लागतात. ब्रश काढायला, बाटली धरायला, झाकण लावायला बायको बरोबर. ती आपलं काम सोडून त्याच्यामागे हिंडत होती. पिशवीची गोष्ट त्यांना नर्सबाईंकडून कळली होती.

"काढा बघू सगळं टेबलावर," ताई म्हणाल्या.

टेबल रिकामं होतं, म्हणून सगळं मावलं. बाटल्या, ब्रश, फडकी, पट्टी. ताईंनी त्याला प्रत्येक वस्तू काढायला आणि ठेवायला लावली. मग माझ्याकडे वळल्या. "माझा डावा हात बांध."

"काय?"

"पाठीमागे बांध. घट्ट. एप्रनच्या बंदानं."

मी बांधला. त्या एका हातानं बाटली उघडायला लागल्या. बाटली गरगर फिरायची, झाकण तस्संच. पोटाशी दाबून बघितली, मांड्यांत धरून बघितली, अंगावर निळा रंग सांडून घेतला. मेणबत्तीवाल्या बाई आपला स्टॉल सोडून बघायला आल्या. साबणवाला आला. कुणी म्हणे पिशवी भिंतीला टेकवा, कुणी म्हणे चुंबक लावा. बिल्लेवाली मुलगी गर्दी हटवायला आली आणि तिनं स्वतःच एक हात पाठीमागे घेऊन बाटली उघडून बघितली. रंगारी पहिल्यांदाच हसला.

"बाटली फिरता कामा नये," ताई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि पिशवी सरकता कामा नये. उद्या या तुम्ही."

संध्याकाळी साबणवाल्यानं सायकलची जुनी ट्यूब आणून दिली. ताईंनी मशीन चालवायला घेतलं, आणि त्या चाकाची करकर ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

रविवारी रंगारी आला तेव्हा आमच्या स्टॉलपुढे आधीच बरीच माणसं होती. कालची पुन्हा आली होती, आणि येताना आणखी कुणाकुणाला घेऊन आली होती. ताईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. खाली पाय अडकवायला पट्टा होता. पाय आत घातला की पिशवी जागची हलत नव्हती. पिशवीच्या झाकणाच्या कडेत लोखंडी पट्टी शिवलेली. एकदा उलटलं की ते आपल्या वजनानं पलीकडे पडून राही. बाटल्यांच्या कप्प्यांना आतून ट्यूबचं रबर लावलेलं, बाटली बसली की गच्च.

रंगाऱ्यानं पाय अडकवला. सवयीनं बायको पुढे वाकली. ताईंनी तिचं मनगट धरलं. "तुम्ही इकडे या, माझ्याजवळ."

त्यानं पिशवीचं झाकण उलटलं. ब्रश काढून दातांत धरला. बाटलीच्या झाकणावर हात ठेवला आणि फिरवलं. बाटली जागच्या जागी राहिली, झाकण निघालं. त्यानं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. दुसरी बाटली उघडली. तोंडात ब्रश होता म्हणून बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अगंबाई," बायको म्हणाली, "आता मी दिवसभर करू तरी काय?" आणि हसता हसता ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

त्यानंतर आमच्या टेबलावर जे काही ओतलं गेलं! फोटोग्राफरनं भिंगं मांडली. केक सजवणाऱ्या एका बाईनं घरी जाऊन आपलं सगळं सामान आणलं. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका मास्तरांना दोन्ही हात मोकळे राहतील अशी पिशवी हवी होती. एकाचं आवरलं की दुसरा सरसावे. वर्तमानपत्रं संपली, तेव्हा मेणबत्तीवाल्या बाईंनी आपला माल गुंडाळायचा कागद दिला. ताई पेन्सिल फिरवत होत्या, दटावत होत्या, "असा नाही, रोज जसा घेता तसा घ्या," म्हणत होत्या. हॉलचे दिवे मालवायला लागले तरी एक माळीकाका आपली कात्री घेऊन उभेच होते.

सोमवारी सकाळी ताई म्हणाल्या, "कारखान्याला फोन तू कर. मला नाही म्हणता येत नाही."

मला आनंदच झाला. काय काय सुनावायचं ते मी रात्रीपासून घोकून ठेवलं होतं. फोन लावला. पलीकडचा माणूस बिचारा फार सभ्य निघाला. "बाई आज येताहेत ना? त्यांची जागा तयार आहे," म्हणाला.

मी बोळात बघितलं. टेबलावर सलूनवाल्याची पिशवी पडली होती, आणि तो कालची सगळी हकिगत ऐकत उभा होता. ताई पट्टा घट्ट करता करता रंगाऱ्याची नक्कल करून दाखवत होत्या, तोंडात पेन्सिल धरून. मला घोकलेलं एक वाक्य आठवेना.

"त्यांना वेळ नाही हो," कशीबशी एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.