हुरड्याला तिची गाणी नकोत

माझ्या नवऱ्याची एक मैत्रीण आहे. पुण्याला राहते. इंजिनिअरिंगला दोघं एका वर्गात होते. तिला नवरा आहे, मुलगा आहे, आणि संशय घ्यावा असं त्या दोघांनी कधी काही केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की काहीतरी असणारच. काही नव्हतं. तरी लग्न झाल्यापासून मी तिच्यावर जळत आले, आणि तेही गाण्यांवरून.

गाणी तरी माझ्या ओळखीची असावीत! मी धारूरची. आमच्या घरी सकाळी रेडिओ लागायचा, गणपतीत लाउडस्पीकर लागायचा, की संपलं. लग्न होऊन बीडला आले तेव्हा नवऱ्याच्या सामानात चेन लावलेली एक काळी पिशवी होती. आत प्लॅस्टिकच्या कप्प्यांमध्ये सीड्या. सगळी परदेशी गाणी. जुनं हिप हॉप, म्हणजे ठेक्यावर भरभर बोलत जायचं ते, आणि त्याच सुमाराचं डान्सचं संगीत. एकाच गायकाची अशी सीडी तिच्यात जवळजवळ नव्हतीच. सगळी कॉम्पिलेशन. वेगवेगळ्या लोकांची गाणी कुणीतरी निवडून, एकामागे एक लावून केलेली.

"आता सगळं फोनवर मिळतं की," मी एकदा म्हणाले.

"फोनवर गाणी मिळतात," ते म्हणाले. "कुठल्या गाण्यामागं कुठलं यावं, हे ज्याला कळतं त्यानं ते आधीच करून ठेवलंय. आपण कशाला मधे बोटं घालायची?"

त्यांचा सोलर पॅनेल बसवायचा धंदा आहे. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर उन्हात उभे असतात आणि घरी फारसं बोलत नाहीत. पण घरात वाढदिवस असो, भाच्याचा निकाल असो, कामाच्या माणसांना जेवण असो, आदल्या दिवशी ते ती पिशवी घेऊन बाल्कनीत बसायचे आणि पुण्याला फोन लावायचे. मग जो माणूस मला "भाजीत मीठ आहे" यापलीकडे काही सांगत नाही, तो फोन स्पीकरवर ठेवून अर्धा-अर्धा तास बोलायचा.

"निळ्या कव्हरची नको बे," ते म्हणायचे. " त्यातली सगळी दुसऱ्यांकडून गाऊन घेतलेली आहेत."

"मग ती लाल?"

"लालमधे गाणं रंगात आलं की कापतात. लोक हात वर करतात अन् गाणं गायब."

असं चालायचं. घरात काम करता करता मलाही त्यातलं बरंच कळायला लागलं. काही सीड्यांवर नावं खरी असतात आणि आत भलतेच गायक असतात. काहींमध्ये इतक्या शिव्या असतात की सासऱ्यांना इंग्रजी येत नसलं तरी पुतण्यांना येतं, म्हणून त्या बाजूला ठेवायच्या. सावकाश ठेक्यावरून एकदम पळत्या ठेक्यावर गेलं की नाचणारी माणसं धापा टाकून खाली बसतात. हे सगळं मला कळत होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

आणि ते "बे". ते तिला "बे" म्हणायचे, एखाद्या जुन्या दोस्ताला म्हणावं तसं, आणि ती त्यांना "अरे" म्हणायची. मी "अहो" म्हणत आले, ते "अगं" म्हणत आले. त्यात वाईट काही नाही, आमच्याकडे सगळ्या घरांत तसंच आहे. पण तो एवढासा शब्द कानावर पडला की हातातलं भांडं जरा जोरातच ओट्यावर ठेवलं जायचं.

गेल्या हिवाळ्यात मला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. हुरड्याचे दिवस होते. बीडजवळच पालीला, धरणाशेजारी, सासऱ्यांचं शेत आहे, तिथे दुपारी सगळ्यांना हुरड्याला बोलवायचं आणि तोच माझा वाढदिवस, असं ठरलं. ती आणि तिच्या घरचेही येणार होते. मी बाल्कनीच्या आतल्या बाजूला दोरीवर कपडे टाकत होते. बाहेर फोन चालू होता, स्पीकरवर.

"तिला काय आवडतं रे?" तिने विचारलं.

"तिला? तिचं काही नसतं बे. काहीही चालतं. तू सांग."

माझ्या हातातला टॉवेल मशीनमधून पिळून निघालेला होता. मी तो पुन्हा पिळला. इतकी वर्षं मी समजत होते, की हा माणूस मनातलं दुसरीकडे बोलतो. त्या दिवशी कळलं, की माझ्या मनात काही असेल असंच त्याला वाटत नाही. आणि माझ्या वाढदिवसाला काय वाजायचं, ते पुण्यात बसून ती बाई ठरवणार!

मी बाहेर गेले. "हुरड्याला तिची गाणी नकोत," असंच तोंडावर आलं होतं. पण म्हणाले, "गाणी मी लावणार आहे."

"तू?" ते हसले. कुजकं नव्हतं ते हसणं. मांजराने भाजी चिरते म्हटलं तर माणूस हसेल तसे हसले. मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "लाव की."

फोनमधून ती म्हणाली, "अरे वा, मस्त!" ती मनापासून म्हणाली, हे मला ऐकू येत होतं. तेही सहन झालं नाही.

मी बीडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या जुन्या गाडीत अजून सीडी वाजते, म्हणून शाळेत जाता-येता मी पिशवीतली एकेक सीडी लावायला लागले. सुरुवातीला नुसता गोंधळ वाटला, पत्र्यावर गारा पडल्यासारखा. मग हळूहळू त्यातलं खालचं, पोटात वाजणारं ऐकू यायला लागलं. एक बाई मधेच हसून गायला लागते, ती मला आवडली. एका गाण्यात टाळ्या जरा उशिरा पडतात, तिथे स्टिअरिंगवर माझा हात आपोआप पडायला लागला.

पिशवीच्या शेवटच्या कप्प्यात एक साधी सीडी होती, बिनकव्हरची. तिने कॉलेजच्या गॅदरिंगला स्वतः निवडून केलेली. नवऱ्याने मला ते फार पूर्वी सांगितलं होतं. ती मी ऐकणार नव्हते. मग एक दिवस शाळा सुटल्यावर लिंबाखाली गाडी उभी करून ऐकली.

ती सीडी वाईट निघायला हवी होती. वाईट असती तर मी निवांत घरी गेले असते. सुरुवातीला एक जड, आळसावलेला ठेका, मग त्यात कुणीतरी बोलायला लागतं, मग दुसरं गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही, आणि कळतं तेव्हा ब्रेकवर ठेवलेला पाय हलत असतो. बाईला जमत होतं. माझी मुलं कुठल्या धड्याला कंटाळतील हे मला जसं आधी कळतं, तसं माणसं कधी उठतील आणि कधी बसतील हे तिला कळत होतं. मी तिथे डोळे पुसले. नवरा तिच्याशी बोलतो याचं दुःख जुनं होतं. हे नवीन होतं, की ती बोलण्याच्या लायकीचीच होती.

मी ती सीडी कप्प्यात परत ठेवली आणि पिवळ्या कव्हरची, डान्सची, बाजारातली निवडली. तिची सुरुवातच धडाक्याची होती. पहिल्या गाण्याला सगळी माणसं उठून उभी राहतील असं मला वाटलं होतं.

पालीला आम्ही सकाळीच गेलो. सासऱ्यांनी आगटी पेटवून ठेवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजायची आणि गरम गरम हातावर चोळायची, हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. सुपात हिरवा हुरडा पडत होता, बाजूला लसणाची चटणी, दही, गूळ. आंब्याखाली सीडी प्लेअर आणि स्पीकरचे दोन बॉक्स लावले होते.

ती आली. लग्नात गर्दीत पाहिली होती तेवढीच. माझ्या मनात इतकी वर्षं जी बाई होती ती उंच, सडपातळ होती. ही माझ्याएवढीच जाड, केस पांढरे झालेले आणि रंग न लावलेले, अंगात सुती कुडता. तिने मला घट्ट मिठी मारली. ती सुंदर असती तर बरं झालं असतं. अशी साधी बाई आणि तरी अर्धा-अर्धा तास फोन, म्हणजे त्यांना खरोखरच तिचं बोलणं आवडत होतं.

मी सीडी लावली. पहिलं गाणं जे दणाणलं, त्याने झाडावरची पाखरं उठली. माणसं उठली नाहीत. उठणार कशी? प्रत्येकाच्या तळहातावर गरम हुरडा होता, बोटांना चटणी होती. दुसरं गाणं त्याहून पळतं. सासरे म्हणाले, "सूनबाई, जरा कमी करता का? बोललेलं ऐकू येईना."

माझी धाकटी बहीण धारूरहून आली होती. तिने तर ओरडूनच सांगितलं, "तायडे, लई जोरात हाय गं! कावून घाई करायलीस? खाऊ तर दे लोकायला!"

नवरा बॉक्सवर हात ठेवून उभा होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि तो सांगत नव्हता. तेवढ्यात त्यांची ती मैत्रीण माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "एक सांगू?"

"नको," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच निघालं ते. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं.

ती जाऊन सासऱ्यांपाशी बसली आणि कणीस कसं चोळायचं ते विचारायला लागली. ते शिकवायलाही लागले, जे त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं. मी आवाज कमी केला. माणसं खात होती, बोलत होती, आणि माझी गाणी मागे वाजत होती, लांबच्या शेतात मोटार चालू असावी तशी. कुणी त्यांना नावंसुद्धा ठेवत नव्हतं.

खाणं आटोपत आलं तेव्हा ते उशिरा टाळ्या पडणारं गाणं लागलं. मी बॉक्सजवळच उभी होते. जमिनीतून ठेका तळपायाला लागत होता. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि नाचायला लागले. ठरवून नाही. कुणाला दाखवायचं म्हणूनही नाही. वरातीत नाचतात तेवढंच मला येत होतं, पण त्या टाळ्यांची जागा मला बरोबर माहीत होती.

"अगं बाई!" बहीण म्हणाली आणि हात झटकून आली. मग पोरं आली, नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोन मुली आल्या. पुण्याची ती लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिला बोलावलं नाही, पण तोंडही फिरवलं नाही. ती आली, आणि तिला नाचता येत नव्हतं! हात एकीकडे, पाय एकीकडे. इतकं वाईट नाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मला हसू आवरेना, आणि तीही हसत सुटली.

"तो नाही यायचा," ती धापा टाकत नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "कॉलेजातही कधी आला नाही. आम्ही दोघं नाचलोच नाही कधी. बॉक्सजवळ उभं राहून भांडायचो नुसते, पुढचं कोणतं म्हणून."

मला हलकं वाटलं, पण फार वेळ नाही. माझ्याशी ते कधी भांडलेच नव्हते. मला "लाव की" म्हणून पिशवी देऊन मोकळे झाले होते.

सीडी संपली. सगळी माणसं उभी होती आणि आता काही न लावून चालणार नव्हतं. मी पिशवीतून ती बिनकव्हरची काढली. तिने लगेच ओळखली. "ही अजून आहे?"

नवरा पुढे झाला. "पहिलं सोड. दुसऱ्यापासून लाव. माणसं गरम झालीत, पहिलं फार सावकाश आहे."

"पहिलंच लागेल," मी म्हणाले.

"अगं, बसतील सगळे."

"बसू द्या. श्वास तरी घेतील. आणि पहिल्याचा ठेका कानात नसला तर दुसरं कुठून आलं ते कळणार नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"ऐकलंय मी. सगळ्या ऐकल्यात. तुमच्या त्या लाल सीडीत गाणी कापतात, तेही मला माहीत आहे."

"लाल मी कधीच लावत नाही!"

"भाच्याच्या निकालाला लावली होती."

आम्ही बॉक्सजवळ उभे राहून भांडत होतो. सासरे सूप मांडीवर ठेवून बघत होते. बहिणीने तोंडावर पदर धरला होता. नवऱ्याचे कान लाल झाले होते, आणि तो हसत नव्हता, खरंच चिडला होता. मी त्या मैत्रिणीकडे पाहिलं. ती आमच्या बाजूलाच, पण दोन पावलं मागे उभी होती. ती दोनदा काहीतरी बोलायला गेली, पण तिला आमच्या बोलण्यात फट सापडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं मी लगेच ओळखलं. ते कसं दिसतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं.

पहिलं गाणंच लागलं. अर्धी माणसं बसली, तेवढं नवऱ्याचं खरं ठरलं. दुसऱ्याला सगळी उठली, तेवढं माझं.

तेव्हापासून बाल्कनीत दोन खुर्च्या असतात. फोन तिलाच लागतो आणि स्पीकरवरच असतो, पण मधे मधे मी बोलते, आणि ते बोलणं ऐकून घेतलं जातं. कधी ती माझ्याच फोनवर करते. आम्ही काही जिवाभावाच्या मैत्रिणी झालेलो नाही. ते कधी कधी तिच्या एखाद्या बोलण्यावर पोटातून हसतात, तेव्हा मला अजूनही आतून चटका बसतो, आणि मी उठून चहा टाकायला जाते.

आता बहिणीच्या पुतणीची हळद आहे धारूरला, आणि बहिणीने गाण्यांचं माझ्यावर सोपवलं आहे. परवा त्यावर बरीच वादावादी झाली. पुण्याहून तिने एक सीडी सुचवली, नवऱ्याने दुसरी. मी दोन्ही ऐकल्या आणि तिसरीच ठरवली. तिने फोन जरा लवकरच ठेवला. ते आज सकाळपासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत आहेत.