मोठी चाकं

लग्न होऊन आली तेव्हा घरात थोरली होती आणि धाकटी यायची होती, म्हणून हिला सगळे 'मधली' म्हणू लागले. पुढे दोन्ही जावा वेगळ्या राहायला गेल्या, तरी ही मधलीच राहिली. सकाळी नवऱ्याला ऑफिसात सोडायचं, दुपारी सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, संध्याकाळी पुन्हा नवऱ्याला आणायचं. ड्रायव्हरची मुलगी ती, गाडी तिच्या हातात खेळायची.

घरी पोचल्यावर उतरण्याआधी नवरा मान वाकडी करून मीटर बघे. रोजचा आकडा त्याला तोंडपाठ होता. जरा जास्त दिसला की विचारी, "कुठे उंडारलीस?"

उंडारायची जागा एकच होती, माहेर. दवाखान्यापुढचा उड्डाणपूल उतरला की आईचं घर. पण तिच्या भावाने एकदा चारचौघांत नवऱ्याची टिंगल केली आणि तेव्हापासून ती पायरी बंद झाली. तिथे आई अंथरुणाला खिळलेली. पुलावर पायी जायला वाट नव्हती, आणि बसने जावं तर सासूबाईंचा व्यायाम संपायच्या आत परतणं जमत नव्हतं.

अशात नवऱ्याच्या एका मित्राने आपल्या थोराड गाडीची चाकं बदलली. जुनी नवऱ्याने आपल्या गाडीला बसवून आणली.

"कसा रुबाब आलाय बघ!"

"अहो, पण ही या मापाची नाहीत."

"तू गाडी चालव. विचार मी करतो."

रुबाब त्याचा, खांदे हिचे. स्टिअरिंग जड झालं. पूर्ण वळवलं की चाक आतून खरखर घासायचं. गाडी लवकर वेग घेईना, चढावर तर रडतखडत चाले आणि मागचे हॉर्न वाजवून जीव खात.

पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने मीटर दोनदा पाहिला. "आज कमी? आईला नेलं नाहीस?"

"नेलं की!" सासूबाई आतून ओरडल्या. "गुडघे दाखवू का?"

कांदा चिरताना मधलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. चाक मोठं, म्हणून एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जातो. रोजचा थोडा रस्ता मीटरला दिसतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात सोडून तिने गाडी सरळ पुलावर घातली. संध्याकाळी आकडा नेहमीएवढाच आला. नवरा म्हणाला, "हं. आज बरोबर आहे."

मग ती रोजच जाऊ लागली. आईचे केस विंचरायची, कूस बदलून द्यायची.

"जावईबापूंनी सोडलं होय गं?" आईने विचारलं.

"चाकांनी सोडलं."

आईला काही उमगलं नाही. तिने लेकीचा हात मात्र सोडला नाही.

पेट्रोल जास्त लागतं म्हणून नवरा कुरकुरू लागला, तेव्हा मधलीच म्हणाली, "राहू द्या हो, शेजारचे वळून वळून बघतात." तो फुलला. पण तिचा खांदा आखडत गेला. चहाचं आधण उतरवताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि ते त्याने ऐकलं.

सुट्टीच्या दिवशी तो गाडी घेऊन गेला आणि दुपारी दारात येऊन हॉर्न वाजवला. गाडीला पुन्हा तिची मूळची चाकं होती.

"बस, फिरवून बघ. तुझ्या खांद्यासाठी केलं हो."

तिने स्टिअरिंग फिरवलं. बोटावर फिरलं.

"हलकी झाली ना?"

"झाली."

"आणि आता मीटरही बरोबर दाखवेल. टायरवाला म्हणाला, इतके दिवस कमी दाखवत होता." तो हसला. मग हसू तसंच ठेवून थांबला. "पण आकडा तर नेहमीएवढाच यायचा."

ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. त्याची बोटं हिशेब करायला लागली होती.

"आईकडे जात होते," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तिने किल्ली काढून त्यावर ठेवली.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "आणि उद्या मला कोण नेणार? तू? ऑफिस सोडून?"

तो बराच वेळ किल्ली बोटात फिरवत उभा राहिला. मग परत देत म्हणाला, "दवाखान्यात पोचलीस की मीटरचा फोटो पाठवायचा. निघताना परत एक."

तिने किल्ली घेतली. गाडी खरंच हलकी झाली होती. आता पुलाच्या चढावरही तिला कोणी हॉर्न वाजवला नसता.