म्हात्रेकाका सामील होतात

म्हात्रेकाकांच्या हातात काहीही दिलं की ते आधी उलटं करून बघायचे. चहा संपला की कपाचा तळ, लग्नपत्रिकेची मागची बाजू, औषधाचं पाकीट. पहिल्या भेटीत त्यांनी माझं ड्रोनही असंच उचललं, पालथं केलं आणि पोटाखालच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "यो कोनाला दाखवतंय?"

"मलाच," मी म्हटलं.

"नी बिल्डरला?"

डोंबिवलीजवळ कोपरला खाडीच्या बाजूला त्यांच्या वडिलांचं शेत होतं. चार भावांपैकी तिघांचा भाग बिल्डरकडे गेला, काकांचा तेवढा तुकडा उरला. त्या तुकड्यावर माझी नोकरी अडकली होती. नेदरलँड्समधली एक कंपनी मला पुलांची पाहणी करायला घेणार होती, पण युरोपच्या नियमांतला ड्रोन चालवण्याचा मधला दाखला आणला तरच. पहिली सोपी परीक्षा मी घरबसल्या दिली होती. आता मोकळ्या जागी स्वतः सराव करायचा, तो केल्याचं लिहून द्यायचं आणि मग मोठी परीक्षा. डोंबिवलीत मोकळी जागा म्हणजे गच्ची, आणि तिथे सोसायटीचे सेक्रेटरी. ड्रोन अगदी हलकं, आपल्याकडच्या नियमांत बसणारं होतं, तरी त्यांना ते बॉम्बसारखं वाटायचं.

काकांनी उडवायला नाही म्हटलं नाही. ते फक्त रोज संध्याकाळी पाचला शेताच्या मधोमध येऊन उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. सरावाच्या जागेत परका माणूस नको असा नियम होता. परका म्हणजे ज्याला धोका समजावलेला नाही आणि ज्याने हो म्हटलेलं नाही असा. हो म्हटलं की तो कामात सामील धरला जातो, मग उभा राहिला तरी चालतं. मी हे सगळं नीट सांगितलं आणि शेवटी घोळ केला. म्हटलं, "काका, तुम्ही यात सामील आहात, एवढंच म्हणा."

त्यांचा चेहरा कठोर झाला. "सामील माझे भाव झाले व्हते," ते म्हणाले. "मी नाय व्हनार."

"मग बांधापलीकडे तरी थांबा."

"जागा कोनाची?"

रोज मी ड्रोनची पेटी घेऊन जायचे, काका मधोमध उभे असायचे आणि मी पेटी न उघडता परत यायचे. बाबा म्हणाले, "ही माणसं अशीच. त्याला काहीतरी हवं असणार." त्या 'ही माणसं'ची मला आज लाज वाटते, पण तेव्हा पटलं होतं. मी काकांवर संशय घेत होते आणि काका माझ्यावर. काकू बिचाऱ्या दोघांना चहा आणून द्यायच्या.

खरं काय ते काकूंनीच सांगितलं. "बिल्डरच्या कागदाच्या पाठी लिवलेला व्हता, समद्या भावांची कबुली हाय म्हनून. यांना कोनी इचारलाच नाय. यो तुकडा कोर्टात जाऊन सोडवला." तेव्हा मला कपाचा तळ कळला.

कंपनीची मुदत जवळ आली. माझा चेहरा पडलेला बघून काकांनी स्वतःहून विचारलं, "सराव केलास का नाय, ते बगायला तिकडशी कोन येनार?"

"कोणी नाही."

"मंग सयी कोन करनार?"

"मीच."

ते मान वळवून म्हणाले, "कर की मंग. झाला म्हनून लिव. मी कोनाला नाय सांगनार."

खोटं कशाला बोलू, आदल्या दिवशी मी तो अर्ज उघडून बसले होते. नुसतं एका चौकटीत खूण करायची होती. "नाही केली," मी म्हटलं. "न केलेलं केलं म्हणून कसं लिहू?"

काकांनी पायाखालचं एक ढेकूळ फोडलं, बांधापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "धोका काय तो पयल्यापासून सांग." मी सांगितला. पंखा लागला तर काय, बॅटरी संपली तर काय, मी ओरडले तर कुठे सरकायचं. सगळं ऐकून ते म्हणाले, "आज सामील. उद्याचा उद्या इचार."

मग मी रोज विचारायचे. रोज धोका पहिल्यापासून सांगायला लागायचा आणि एखादं वाक्य गाळलं तर काका पकडायचे. तो अर्ज मी भरला तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मोठी परीक्षाही घरूनच होती. हवामान, बॅटरी, खालच्या माणसांची सुरक्षितता असे प्रश्न. सुरू होण्याआधी, परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या तिकडच्या बाईंनी कॅमेरा फिरवायला लावून टेबलाखालीसुद्धा बघितलं. हे ऐकून काका पहिल्यांदाच हसले. "टेबलाखाली बगतान? मंग बरी मानसं हायेत. जा तू." दाखल्याची प्रत मी त्यांना दाखवली तर त्यांनी ती उलटी केली. मागे कोरं होतं.

इथे नेदरलँड्समध्ये पुलाखाली उभ्या माणसांना मी धोका सांगते, तेव्हा अर्धं वाक्य होण्याआधी ते मान डोलावतात. मला ती मान खरी वाटत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. सोबतचे वैतागतात.

काका गेले तेव्हा मला येता आलं नाही, ते अजून सलतं. पंधरा दिवसांनी काकूंना फोन केला. आयुष्यभर काकांच्या मागे उभी राहिलेली ती बाई; आता त्या तुकड्याचं काय होणार, या भीतीने मला धड विचारताही येईना. त्यांनीच सांगितलं, "तेराव्यालाच पुतने कागद घेऊन आलते. काकी, निस्ती सयी कर, बोलले."

"मग?"

"मी उलटा करून बगितला," काकू म्हणाल्या. "नी बोलले, आज नाय. उद्याचा उद्या इचारा."