दोनदा आंघोळ करणारा भाडेकरू

भाडेकरूनं पाणी भरपूर सांडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली घरमालकीण उभ्या लातुरात एकच होती, आणि माझं नशीब असं की नेमकी तीच माझ्या वाट्याला आली. बाकीचे घरमालक खोली दाखवतानाच "पाणी जपून" म्हणून दम भरत. काकूंनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "सर, आंघोळ कितींदा करता?" मी शिकवणीवर्गात गणित शिकवणारा, घरासाठी वणवण करून दमलेला. घाईनं म्हणालो, "एकदाच. पाणी फार लागत नाही मला." त्यांचा चेहराच उतरला. "दोनदा करायची सवय लावून घ्या. मग या राहायला."

कारण न्हाणीचं पाणी परसात जायचं. परसात आम्हा नवरा-बायकोचे कपडे वाळत घालायला जागा नव्हती. पेरू, चिकू, लिंबू, सीताफळ, कुंपणाला तुती, आणि मधोमध आळं केलेलं डाळिंब. माझी आंघोळ आज कुणाला पाजायची, हे काकू सकाळी कुदळीनं चर फिरवून ठरवायच्या. साबणाला बंदी. त्याऐवजी डाळीच्या पिठाचा पुडा मिळे, आणि वर्गात पुढच्या बाकावरच्या पोरांना दिवसभर भज्यांची आठवण येई. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना आम्ही नुसतं अंग पुसू लागलो, तर काकू दारात हजर. "सर, पेरूची पानं गळायलीत. खरं सांगा, काल आंघोळ केली न्हाई ना?" बरं, भांडायला तोंड उघडावं तर त्या वाटीभर तुती पुढं करायच्या.

डाळिंबाची मात्र थट्टा करायची माझी कधी छाती झाली नाही. काकूंचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात घर बसलं, आई आणि एकुलता भाऊ मातीखाली गेले. आडाजवळचं डाळिंब तेवढं उभं राहिलं. त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून काकूंनी आणली आणि परसात लावली. दर भाऊबीजेला त्या झाडाला ओवाळायच्या. "माझं माहेर म्हंजे आता हेच हाय, सर," म्हणायच्या.

आम्ही फ्लॅट घेऊन निघालो तेव्हा त्याच डाळिंबाची काडी त्यांनी तेलाच्या डब्यात रुजवून दिली. पुढं शिकवण्यांना ऊत आला. गल्लीत ज्यानं त्यानं अंगण बुजवून पोरांसाठी खोल्या काढल्या. काकूंचा मुलगा कधीचा मागं लागला होता, अखेर काकू कबूल झाल्या. अट एकच: बाकी काय तोडायचं ते तोडा, डाळिंबाला हात लावायचा नाही, आणि सगळ्या न्हाण्यांचं पाणी त्याच्याच आळ्यात. भेटायला गेलो तर काकू हवेत. "डॉक्टर व्हायला आलेली पोरं हायेत, सर. सकाळ-संध्याकाळ आंघोळ करत्यात. तुमच्यावाणी न्हाई!"

जन्मभर पाण्याला तरसलेल्या बाईला पाणी जास्तही होतं, हे कोण सांगणार? मला तरी कुठं सुचलं! पावसाळ्यात डाळिंब पिवळं पडलं. तहानलंय असं वाटून काकूंनी वरून कळशाही ओतल्या. मुळं कुजली आणि झाड गेलं.

त्या वर्षी भाऊबीजेला काकू रिक्षा करून आमच्याकडे आल्या, हातात झाकलेलं ताट. मला वाटलं, मलाच ओवाळणार. मी लगबगीनं पाट मांडला, टोपी शोधू लागलो. काकू मला ओलांडून थेट गॅलरीत गेल्या. तिथं तोच डबा होता. मी हा असा आळशी माणूस, आठवण झाली तर तांब्याभर ओतणार. झाड किडकिडीतच होतं, पण त्याला दोन लाल फुलं आली होती. काकूंनी मातीत बोट घातलं. कोरडी ठाक! आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"कोरडं ठिवलं तुमी," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून जगलं."

त्यांनी डब्याला कुंकू लावलं, ओवाळलं. निघताना जिन्यात थांबल्या.

"सर, आंघोळ कितींदा करता आता?"

"एकदाच, काकू."

पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बास हाय."