पेठेतल्या इमारतीचा ओला उंबरा

मी जुन्या इमारती दुरुस्त करणारा कॉन्ट्रॅक्टर. ओल दिसली की पाइप शोधतो, भूत नाही. असलं काही लिहायची वेळ माझ्यावरच येईल असं वाटलं नव्हतं...

सोलापुरातल्या एका पेठेत चादरी-टॉवेलांच्या गाळ्यांची जुनी दगडी इमारत आहे. बरीच वर्षं बंद. ती उघडली तर गल्लीत पुन्हा गिऱ्हाईक येईल, या आशेवर मालकांनी काम काढलं. परवानग्या, चुना, सागवान — मी पार थकून गेलो होतो. समोर एकच दुकान उरलेलं, व्यंकटअण्णांचं. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "लवकर उघडा की ओ. न्हाय तर मी चाललो पोराकडं पुण्याला. रिकाम्या गल्लीत किती बसू?"

दाराचा दगडी उंबरा मधोमध झिजला होता. मी तो काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवलं. जुना मागच्या खोलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओला. भोवतालची फरशी कोरडी, छत कोरडं, नळाचं कनेक्शन अजून घेतलेलंच नव्हतं. त्यात ऐन उन्हाळा... जमिनीची ओल असेल म्हणून दगड माडीवर नेला. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सकाळी पुन्हा ओला — नुकतंच पाणी मारल्यासारखा.

अण्णांना दाखवला. हात लावून त्यांनी ओली बोटं एकमेकांवर चोळली. मग म्हणाले, "आमचा गाळा हितंच होता की. आई आधी उंबऱ्यावर पाणी मारायची, मगच पहिलं गिऱ्हाईक. आई गेली, मग गाळाबी बंद झाला. आन तुमी तर उंबराच काढला."

मी वाद घातला नाही, तेवढी ताकदच नव्हती. अण्णा टिकावेत म्हणून उंबरा परत जागेवर बसवला. तिथंही तो रोज सकाळी ओला.

उद्घाटनाच्या सकाळी मात्र ठणठणीत कोरडा. का कोण जाणे, मला वाईट वाटलं. दारात गाळेवाले ताटकळलेले. अण्णा आपल्या दुकानातून तांब्या घेऊन आले, पाणी मारलं आणि मला म्हणाले, "चला, आता आत."

पुण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पाणी रोज तेच मारतात. मध्यंतरी ते तापानं घरी होते, तेव्हा मी सकाळी तिकडे डोकावलो. गाळे उघडायचे होते, उंबरा कोरडा. त्या ओलीचं कारण मला आजही सापडलेलं नाही... तांब्या मात्र मी भरून आणला, पाणी मारलं, आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं.