घरी नसलेला मेंढपाळ

"पळाला असणार गं. धनगरच तो, त्याचा काय भरवसा?"

कॉफी मशीनपाशी दादा मुंबईच्या सहकारी मुलीला हसत सांगत होता. तो आमच्यात सगळ्यात अनुभवी, पुण्याचा. पहिल्या दिवशी मी त्याला सर म्हटलं, तर इथे सर-बिर कुणी नसतं म्हणाला. तेव्हापासून दादा.

विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमधल्या एका मेंढपाळाचा. रॉटरडॅममधल्या आमच्या ऑफिसात स्कॉटलंडच्या जुन्या जनगणनांतली माणसं शोधून कुटुंबं जुळवायचं काम चालतं. या घरात प्रमुख म्हणून बायकोचं नाव होतं, मुलं लहान, नवरा नाही. त्याच नावाचा, त्याच वयाचा एक माणूस डोंगरापलीकडच्या झोपडीत एकटा सापडला. दादाने शेरा मारला होता, कुटुंब सोडून गेला. आमच्या विभागप्रमुख डच बाई दुपारच्या बैठकीत तो कायम करणार होत्या.

मी कॉफी न घेताच जागेवर आले.

नोंद वसंताच्या सुरुवातीची होती. डोंगरात मेंढ्या व्यायचे दिवस. त्या दिवसांत मेंढपाळ घरी झोपत नाही. रात्री मेंढी अडली तर हात द्यावा लागतो, ओलं कोकरू पुसून आईला लावावं लागतं. हे मला शोधावं लागलं नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर आजोबा आणि बाबा मेंढ्या घेऊन घाट उतरायचे, रानात मेंढ्यांभोवती जाळीची वाघर लावून तिच्याशेजारी घोंगडीवर झोपायचे. पुढे मेंढ्या विकून बाबा पुण्यात आले आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. तिथे कुणी विचारलं की मी सांगायचे, गावी शेती आहे. इथल्या मराठी मंडळींनाही तेच सांगितलंय. आता बोलले असते, तर तुला कसं माहीत, हा प्रश्न येणारच होता.

फाईल उघडली, मिटली. दादाला मेल लिहिली, पुसली. जेवणाच्या सुट्टीत सगळे चीज लावलेला पाव खात बसले, मी मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले आणि उगीचच परत आले. त्या बाईचा विचार डोक्यातून जाईना. कोकरांचे दिवस सरले की नवरा येणार, हे तिला माहीत असणार. आणि आम्ही तिला टाकलेली ठरवून मोकळे होणार होतो.

बैठकीत पडद्यावर तिचं घर आलं. मी हात वर केला. इंग्रजीत बोलणं सोपं गेलं: ऋतू, मेंढ्या, झोपडी. बाईंनी नोंदीची तारीख पाहिली, मान डोलावली आणि शेरा काढून टाकायला सांगितला. पुढचं घर पडद्यावर आलं. मला वाटलं, सुटले.

दादा माझ्याकडे वाकला आणि हळूच मराठीत म्हणाला, "भारी गं. कुठे वाचलंस हे?"

एका पुस्तकात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"वाचलं नाही, दादा. आम्ही धनगर. मी जन्मले त्या रात्री माझे बाबाही घरी नव्हते, मेंढ्यांपाशी होते."